पिवळ्या धोत्र्याच्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर उन्हात जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या.

भिवंडीच्या एस.टी. स्टँडमागे तेव्हा एक मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे कुणाच्याच कामाची नसलेली. लूमच्या कारखान्यांतून निघालेला सुताचा चुरा, फुटकी कौलं, चहाच्या टपरीची राख, सगळं तिथे येऊन पडायचं. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू व्हायचा माझा पहिला दिवस होता. गावाहून आलेल्या गाडीतून उतरले आणि पाहते तर त्या जागेत माणसं गोल करून उभी. मध्ये एक पन्नाशीकडे झुकलेली बाई, हनुवटी मातीला टेकलेली. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. शेजारी उघडी छत्री होती, पण ती त्या बाईच्या डोक्यावर नव्हती. एका काटेरी झुडपाला वारा लागू नये म्हणून ती आडवी टेकवून ठेवलेली होती.

फिट आली असेल म्हणून कुणीतरी समोरच्या हॉटेलातून कांदा फोडून आणला. एकाने चप्पल काढून हातात घेतली. कांदेवाला वाकून नाकाशी कांदा नेणार, तेवढ्यात बाई मान न वळवता म्हणाल्या, “दादा, जरा बाजूला व्हा. तुमची सावली फुलावर पडतेय.”

लोक हसले, पांगायला लागले. कांदेवाला मात्र ओशाळून तिथेच उभा राहिला. बाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि विचारलं, काय दिसतं? तो म्हणाला, फूल. कसलं? पिवळं. मग मध्ये काय आहे, असं विचारल्यावर तो आणखी वाकला. कांदा अजून हातातच होता.

“मधी लाल टिकली हाय,” तो म्हणाला.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. मग छत्री मिटली, गुडघे झटकले आणि झपाझप निघून गेल्या. तो माणूस बराच वेळ त्या फुलाकडे बघत बसला होता, हे मला अजून आठवतं.

ते फूल पिवळ्या धोत्र्याचं. उकिरड्यावर, रेल्वेच्या कडेला, शेताच्या बांधावर, कुठेही उगवतं. निळसर हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरा, पानांच्या टोकाटोकाला काटे, देठ मोडला की पिवळा चीक. फूल मात्र पातळ रेशमी, हात लावला तर चुरगळेल असं. आमच्या गावात त्याला काटेधोत्रा म्हणत, आणि तेही शिवी दिल्यासारखं. एवढी वर्षं ते पायाखाली तुडवून त्याच्या मध्ये लाल टिकली असते हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तासाभराने कॉलेजात गेले तर त्याच बाई माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेत उभ्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बाकीच्या शिक्षिकांना सगळे मॅडम म्हणत. ह्यांना प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे बाईच म्हणत. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं. लग्न केलेलं नव्हतं. नवीन माणसं त्या दोऱ्याला मंगळसूत्र समजत आणि मग गोंधळून जात.

त्यांचं शिकवणंही तसंच. अकरावीचा पहिला तास वर्गात कधी झाला नाही. मुलांना घेऊन त्या कंपाउंडच्या बाहेर जात, गटाराकडेच्या पट्ट्यावर बसवत आणि समोरचं एकेक झाड दाखवत. पावसाळ्यात टाकळा, मग एकदांडी, थंडी सरताना धोत्रा. कुणी हुशार मुलगा पुस्तकातलं बोलायला लागला की त्याला थांबवत. “दिसतंय ते सांगा. माहितीय ते घरी ठेवून या.” हे वाक्य त्या दिवसातून किती वेळा म्हणत याला गणती नाही. मुलं त्यांची नक्कल करत. एकदा स्नेहसंमेलनात एका मुलाने साडी नेसून, कॅनव्हासचे बूट घालून, स्टेजवर आडवं पडून त्यांचं सोंग केलं. सगळा हॉल हसत होता. बाई पहिल्या रांगेत बसून गंभीरपणे बघत होत्या. नंतर त्या मुलाला बोलावून म्हणाल्या, झोपताना तू डावा हात अंगाखाली घेतलास, मी उजवा घेते. तेवढं सोडलं तर चांगलं पाहिलं आहेस.

एकदा विद्यापीठाची समिती आली होती. प्राचार्यांनी पुढच्या बागेत क्रोटन लावून, कुंड्यांना गेरू फासून सगळं सज्ज केलेलं. मागचा कोपरा मात्र बाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. तिथे जे उगवेल ते उगवू द्यायचं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ, सफारी सूट घातलेले, त्या कोपऱ्यापाशी थांबले आणि हे असं का, म्हणून विचारलं. प्राचार्यांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, उभ्याने नाही सांगता येणार, बसा. ते गृहस्थ खरंच उकिडवे बसले. आत चहा गार झाला, तो टाकून दुसरा केला, तोही गार झाला. ते उठले तेव्हा त्यांच्या सफारीला कुसळं चिकटलेली होती आणि लहानपणी आजोळी बघितलेल्या कुठल्याशा गवताविषयी ते बाईंना सांगत होते. तपासणी राहिली बाजूलाच.

ह्या बाईंना हे वेड कुठून लागलं असं मी एकदा विचारलं. त्यांचं घर कामवारी नदीच्या अंगाला, बौद्धवस्तीत. वडील लवकर गेलेले. आई बांधावरचं गवत कापून, भारे डोक्यावर घेऊन तबेल्यांना विकायची. त्या माउलीने झाडांचे दोनच वर्ग केले होते: म्हशीला चालतं ते आणि म्हशीला चालत नाही ते. चुकीचं काही भाऱ्यात गेलं आणि म्हैस आजारी पडली तर दुसऱ्या दिवसापासून तो तबेला बंद. त्यामुळे भारा बांधण्याआधी मुलीने प्रत्येक मूठ बघायची, असा घरचा नियम. “माझं पहिलं वर्गीकरण,” बाई अभिमानाने सांगत. पुढे शिष्यवृत्तीवर शिकल्या, नोकरी लागली, पण बघायची ती सवय तशीच राहिली.

माझ्या आईला त्यांच्याविषयी आधी धास्तीच होती. मी एकदा त्यांना गावी घेऊन गेले. भात निघालेल्या शेतात आम्ही वाल लावले होते आणि आई धोत्रा उपटत होती. बाई जाऊन तिच्याजवळ बसल्या, एकेक रोपटं निरखू लागल्या. आईने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “गो, ह्या तुज्या बाय शान्या हायत का येड्या हायत? ह्यात बगायचा काय हाय?” पण दुपारी जेवताना दोघी बोलत बसल्या त्या ऊन उतरेपर्यंत. कुठलं गवत म्हशीचं दूध आटवतं, कुठल्या पाल्याची भाजी पहिल्या पावसानंतर खायची नाही, असलं काहीबाही. निघताना आईने त्यांना वालाच्या शेंगांचं गाठोडं दिलं.

नव्वदनंतर स्टँडमागची ती जागा गेली. तिथे दुकानांची इमारत उभी राहिली. बाईंना वाईट वाटेल म्हणून मी तो विषयच काढत नव्हते. एक दिवस त्याच म्हणाल्या, त्या इमारतीच्या गच्चीवर गेलीस का? मला हाताला धरून जिने चढवत वर नेलं. पाण्याच्या टाकीमागे, वाऱ्याने आणून टाकलेल्या चिमूटभर धुळीत, एकदांडीचं रोप उभं होतं. फूलही आलेलं. बाई तिथेही बसल्या. आता गुडघे कुरकुरत होते, उठताना माझा खांदा लागला. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

पण बाई किती मोठ्या आहेत हे मला समजलं ते त्याच्या बऱ्याच आधी. बारावीत सुनीता नावाची एक मुलगी होती, तिच्या पायांमुळे.

सुनीताचं कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातलं. वडील आणि काका दोघेही नारपोलीत लूम चालवायचे, तिथेच एका चाळीत खोली. मुलगी शांत, मागच्या बाकावर बसणारी. श्रावणातले दिवस होते. बाई शिकवता शिकवता मध्येच थांबल्या आणि तिच्या बाकापाशी गेल्या. मी काचेच्या नळ्या परत करायला तिथे आले होते म्हणून मला हे दिसलं. सुनीता अनवाणी आली होती. बाईंनी तिचा पाय बघितला. पायावर चपलेच्या पट्ट्याचे खोल वळ होते, म्हणजे कालपर्यंत तिने चप्पल घातली होती आणि आज ती जात नव्हती. बाईंनी अंगठ्याने घोट्याजवळ दाबलं. ओल्या वाळूत बोट दाबल्यासारखा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

घरी आणखी कुणाला असं आहे का, असं विचारल्यावर ती रडायलाच लागली. सगळ्यांनाच होतं. आईला जास्त. आणि दादी, म्हणजे इथे त्यांच्याजवळच राहणारी तिची आजी, थोड्याच दिवसांपूर्वी धाप लागून गेली होती.

कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. आजूबाजूच्या लूमचा खडखडाट इतका की बोलायला ओरडावं लागे. चाळीतल्या लोकांनी त्यांच्याशी येणं-जाणं बंद केलं होतं. नळावर त्यांची बादली वेगळी ठेवली होती. रोग पसरेल म्हणून मालकाने खोली खाली करायला सांगितलं होतं. सुनीताची आई भिंतीला टेकून बसलेली. आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. पाय तांबूस, चकाकणारे, सुजून दुप्पट झालेले. बाई सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तिचे पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. ती बिचारी संकोचाने पाय मागे घेऊ लागली, पण बाईंनी सोडले नाहीत. दारात चाळीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने तोंडाला पदर लावला.

चाळीजवळच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. मला वाटलं बाई औषधांविषयी विचारतील. त्यांनी विचारलं, घरात आजारी कोण नाही?

सुनीताच्या वडिलांना प्रश्नच कळेना. बाईंनी पुन्हा विचारलं. मग ते म्हणाले, धाकटं बाळ बरं आहे, ते अजून अंगावर पितं. आणि सुनीताचे काका बरे आहेत. त्यांची शिफ्ट वेगळी, ते खानावळीत जेवतात.

“म्हणजे जे काही आहे ते ह्या चुलीवर आहे,” बाई मला म्हणाल्या.

मग त्यांनी खोलीतलं खाण्याचं सगळं बाहेर काढायला लावलं. तांदूळ, डाळ, मीठ, मसाला, एकेक ताटात ओतून त्या बघत होत्या. शेवटी तेलाचा डबा आला. मोहरीचं तेल, पण दुकानातलं नाही. गावी सुनीताचे आजोबा शेती करत. नदीकडच्या तुकड्यातली पहिली मोहरी निघाली की ती घाण्यावर काढून त्याचं तेल आधी मुंबईकडच्या मुलांना पाठवायचं, अशी त्यांची रीत. परक्या मुलखात मुलांना घरची चव मिळावी म्हणून. गावी ते स्वतः मागून निघालेलं दुसऱ्या तुकड्याचं तेल खात. उन्हाळ्यात काका गावी गेले होते ते हा डबा आणि लोणच्यासाठी त्याच पिकाची थोडी मोहरी घेऊन आले होते. “घर का तेल है, एकदम शुद्ध,” सुनीताचे वडील पुनःपुन्हा सांगत होते.

बाईंनी ती मोहरी ताटात पसरली, दाराच्या उजेडात नेली आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग एक दाणा नखाने चिरडला. आतून पिवळा निघाला. दुसरा चिरडला. तो आतून पांढरा. मला जवळ बोलावून त्यांनी भिंग दिलं. मोहरीचे दाणे गुळगुळीत दिसत होते आणि त्यांच्यात मिसळलेले काही दाणे खरबरीत, जाळीदार, जास्त काळे. भिंगाशिवाय मला तरी ते सगळे एकच वाटले असते.

“धोत्रा,” बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली गेला होता.

चूल विझवायला सांगून आम्ही तेलाची बाटली भरून घेतली आणि तशाच कॉलेजात आलो. पुढचं काम माझं होतं. एका परीक्षानळीत वाण्याकडून आणलेलं मोहरीचं तेल घेतलं, दुसरीत सुनीताच्या घरचं. दोन्हींत सावकाश नायट्रिक आम्ल घालून हलवलं आणि स्टँडवर ठेवलं. पहिल्या नळीत फारसं काही झालं नाही. दुसरीत तळाला केशरी रंग धरायला लागला, मग तांबडा, वीटकरी. मी असल्या शेकडो नळ्या धुतल्या होत्या, पण एखाद्या रंगाची भीती वाटावी असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. आजी या तेलाने गेली, एवढंच त्या म्हणाल्या.

चाळीजवळचे ते डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी नळी हातात घेतली, आमचं सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, खाण्यातलं काहीतरी असावं असा संशय मलाही होता, पण मी तांदळाकडे बघत होतो. हा आजार मी पुस्तकातच वाचला आहे, आपल्याकडे मोहरीचं तेल खातं कोण. त्यांनी तिथल्या तिथे ठाण्याच्या हॉस्पिटलात फोन केला आणि सुनीताच्या आईला घेऊन स्वतः गेले. तिचं हृदय दमलं होतं. अजून काही दिवस ते तेल पोटात गेलं असतं तर ती वाचली नसती, असं तिथे सांगितलं. ती परत आली तेव्हा गणपती होऊन गेले होते. पायांची सूज ओसरली होती, पण चालताना अजून थांबत थांबत चालायची.

ती हॉस्पिटलात असताना बाई रोज संध्याकाळी नारपोलीत जात. चाळीच्या ओट्यावर दोन्ही परीक्षानळ्या ठेवून, येईल त्याला खाली बसवून, हा रोग हवेने पसरत नाही, शिवण्याने पसरत नाही, हे आपल्या भिवंडीच्या हिंदीत समजावत. सुनीताच्या हातचा चहा सगळ्यांसमोर पीत. मालकही एकदा बसला. मग खोली खाली करायचं कुणी बोललं नाही, आणि नळावरची ती बादलीही बाकीच्या बादल्यांत गेली.

कॉलेजच्या संग्रहात पिवळ्या धोत्र्याचं वाळवून कागदावर चिकटवलेलं रोप होतं. ते बाईंनी सुनीताच्या वडिलांना दाखवलं. त्यांनी बघितलं मात्र, आणि म्हणाले, “ये तो सत्यानाशी है.” त्यांच्या मुलखात त्याला हेच नाव. मेंढरंही तोंड लावत नाहीत म्हणाले. शेतात हमखास असतं, पण त्याचं बी मोहरीत मिसळून घाण्यात जाईल हे कुणाच्या मनात यायचं?

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माझ्या लेखी ती संपलीही होती. दिवाळीत सुनीताचे काका गावी जाऊन आले. उरलेल्या तेलाला हात लावू नका असं गावी आधीच कळवलं होतं, पण ते का हे समोर बसूनच सांगणं भाग होतं. ते परत आले तेव्हा बाईंना भेटायला कॉलेजात आले. म्हणाले, बाबा दारातल्या खाटेवर बसून असतात. शेताकडे फिरकले नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. बोललेच तर आईविषयी एकच, मीच तिला मारलं.

बाई नेहमी कुणाचं ऐकताना त्याच्याकडे बघत. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होत्या. काका गेल्यावर मला म्हणाल्या, प्रॅक्टिकल परीक्षा संपल्या की मी त्यांच्या गावी जाणार. येतेस?

ठाणे जिल्ह्याबाहेर बाई तोपर्यंत फारशा कधी गेल्या नव्हत्या. त्यांना गाडी लागायची. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, बाय जात असंल तर जा, आणि वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. कल्याणहून आम्ही गाडीत बसलो. सुनीताचे काका बरोबर होते. सारा वेळ बाई खिडकीशी डोकं टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. स्टेशन आलं की तेवढ्या डोळे उघडत, फलाटाच्या कडेला काय उगवलंय ते बघत आणि पुन्हा मिटत.

गाव सपाट, नजर पोहोचेल तिथवर शेतं. आम्ही पोहोचलो तेव्हा मोहरीचा फुलोरा ओसरून शेंगा भरत होत्या. बाईंनी हीच वेळ का धरली ते मला शेतात उभी राहिल्यावर समजलं. मोहरीचा पिवळा रंग गेलेला होता. आता शेतात जे पिवळं दिसत होतं ते फक्त धोत्र्याचं होतं. आणि ते किती होतं! बांधावर, पाटाच्या कडेला, पिकाच्या आतसुद्धा.

सुनीताच्या काकूने गावातल्या बायका गोळा केल्या होत्या. सगळ्या डोक्यावरून पदर ओढलेल्या. आमच्या हिंदीला त्या हसत आणि त्यांची बोली आम्हाला निम्मी कळत नव्हती. बाईंनी एक बोंड फोडून त्यातले दाणे दाखवले, शेजारी मोहरीचे ठेवले. बायका आळीपाळीने भिंगातून बघत होत्या आणि एकमेकींना ढोसत होत्या. मग बाईंनी पदर खोचला, वाकल्या आणि पहिलं रोप मुळापासून उपटलं. आम्ही सगळ्याजणी दिवसभर तेच करत होतो. मी हाताला फडकं गुंडाळलं होतं. बाईंना फडक्याने पकड येत नव्हती म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. संध्याकाळी त्यांचे हात काट्यांनी भरलेले आणि पिवळ्या चिकाने माखलेले होते. काकू कळशीने पाणी ओतत होती आणि पाणी आधी पिवळं, मग लालसर होऊन वाहत होतं.

म्हातारा हे सगळं खाटेवरून बघत होता की नाही कोण जाणे. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाण्याआधी बाई त्याच्या खाटेपाशी जमिनीवर बसल्या. मी आणि काका मागे. बाई काही बोलायच्या आत तोच हळू आवाजात बोलायला लागला. माझे डोळे गेले, म्हणाला. डोळे असते तर दिसलं असतं. दरवर्षी घाण्याआधी मी दाणे निवडायचो. ह्या वर्षी मला दिसलं नाही आणि मी ते तिला खायला पाठवलं.

बाईंनी पिशवीतून पुडी काढली. नारपोलीच्या त्या घरातली मोहरी त्यांनी जपून आणली होती. थोडी त्याच्या तळहातावर घातली, थोडी आपल्या. मग मान खाली घालून, बोटाने दाणे इकडून तिकडे सारत त्या बराच वेळ निवडत बसल्या. त्यांनी दोन ढीग केले. एव्हाना ते दाणे मलाही भिंगाशिवाय ओळखू येत होते; मी वाकून पाहिलं तर दोन्ही ढिगांत दोन्ही दाणे होते.

“मेरे को भी नहीं दिखता, बाबा,” बाई म्हणाल्या. “मेरी आँख अच्छी है, फिर भी नहीं दिखता. दाना गिरने के बाद किसी को नहीं दिखता. पौधा खड़ा है तभी दिखता है.”

ह्याच पुडीतले दाणे प्रयोगशाळेत बाईंनी भिंग न लावता, निव्वळ नखाच्या टोकाने, भराभर वेगळे केलेले मी पाहिले होते. बाईंच्या सहवासात मी पुष्कळ वर्षं काढली. दिसत असलेली गोष्ट दिसत नाही, असं त्यांच्या तोंडून मी त्या एकाच सकाळी ऐकलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तसं काही केलं असतं तर म्हाताऱ्याला कळलं असतं, म्हणून मी गप्प बसले.

म्हाताऱ्याने तळहात तोंडाजवळ नेला, दाण्यांवरून बोट फिरवलं. मग बाईंचा हात चाचपडत धरला. हातावरचे ओरखडे त्याच्या बोटांना लागले असावेत, कारण तो ते पुनःपुन्हा चाचपून बघत होता. शेवटी त्याने काठी मागितली.

काका धरायला धावले, पण तो कुणाचा आधार न घेता चालत गेला. बायका काम थांबवून बाजूला झाल्या. बांधावर तो खाली बसला, हाताने माती चाचपत पुढे सरकला आणि काटे हाताला लागले तिथे खोडाशी मूठ वळून त्याने रोप उपटलं. झटकून बाजूला ठेवलं. मग दुसरं. ऊन वर येईपर्यंत त्याचं ते चालू होतं. बाई थोड्या अंतरावर आपलं काम करत होत्या, त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

दुपारी सगळे सावलीला बसले तेव्हा तो बाईंच्या शेजारी येऊन टेकला. पाणी प्यायला. मग शेताकडे तोंड करून, कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, “रामरती नाम था उनका.”

काकांनी एकदम मान खाली घातली. नंतर गाडीत त्यांनी मला सांगितलं, बापाच्या तोंडून आईचं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.